खिडकीची माळ

मिस्त्रींना सल्ला द्यायचा होता. त्यांनी न मागितलेला, त्यांच्याच कामातला, आणि तोही त्यांना राग येणार नाही अशा बेताने. त्यासाठी माझ्या हातात उद्याची सकाळ तेवढी होती. त्यानंतर ते व्हॅन घेऊन निघणार, चढावरच्या त्या घरी जाणार, लहान मुलीच्या खोलीत ब्लाइंड बसवणार आणि त्याची माळ नेहमीसारखी मोकळी सोडून येणार.

माळ म्हणजे रोलर ब्लाइंड, नळीवर गुंडाळला जाणारा पडदा, खालीवर करायची मण्यांची साखळी. दोन्ही टोकं जोडलेली, बंद. खिडकीच्या कडेला ती लोंबत असते, म्हणून आमच्या पडद्यांच्या दुकानात सगळे तिला माळच म्हणतात. खरं तर ती लोंबू द्यायची नसते. प्रत्येक ब्लाइंडच्या खोक्यात प्लास्टिकचा एक हूक येतो. तो भिंतीवर स्क्रूने बसवायचा आणि माळ त्यात ताणून अडकवायची. ताणलेल्या माळेत बोट जेमतेम जातं. मोकळ्या माळेत वर्षाच्या मुलाचं डोकं आरामात जातं, आणि एकदा गेलं की मूल घाबरून मागे सरकण्याऐवजी खाली बसायला बघतं. पुढचं मला लिहवत नाही.

मिस्त्री हूक लावत नाहीत. खोकं उघडलं की हूक बाजूला. "नव्या रंगाच्या भिंतीला आणखी दोन भोकं पाडली की गिऱ्हाइकाचं तोंड वाकडं होतं," असं त्यांचं म्हणणं. त्यात त्यांची माळ लांब. कंपनीकडून येते ती आखूड असते. मिस्त्री दोन माळा तोडून एक करतात, पार जमिनीलगत येईल अशी. टाचा उंचवायला नकोत, हात ताणायला नको, बसल्या जागी ओढा. गिऱ्हाईक खूश. 'मिस्त्रींची माळ' असं तिचं नावच पडलंय, लोक दुकानात येऊन तीच हवी म्हणतात.

मी कामाला लागले त्याच आठवड्यात एका घरी मी त्यांच्यासोबत गेले होते. "काका, हूक राहिला," असं मी घरमालकिणीसमोर म्हणाले. बस, एवढंच. मिस्त्रींनी ड्रिल खाली ठेवलं, हात झटकले. "घ्या, करा तुम्हीच. कॉलेजात शिकवलं असेल." आणि खाली जाऊन व्हॅनमध्ये बसले. वर अर्धवट लटकलेला ब्लाइंड, त्याच्याकडे बघणारी घरमालकीण आणि तिच्याकडे न बघणारी मी.

दुकानाचे मालक तसे वाईट नाहीत. ते आवाज चढवत नाहीत, त्यामुळे उलट जास्त भीती वाटते. "हे बघा मॅडम," ते त्या दिवशी म्हणाले, "मिस्त्री गेले तर मला दुकानाला कुलूप लावावं लागेल. तुम्ही गेलात तर मला 'पाहिजेत'ची पाटी लावावी लागेल. फिटिंग हा त्यांचा प्रांत. अगदीच राहवलं नाही तर त्यांना एकटं गाठा, गोड बोलून सांगा. गिऱ्हाइकासमोर पुन्हा तोंड उघडलंत तर या दुकानातला तो तुमचा शेवटचा शब्द."

तेव्हापासून मिस्त्री मला 'काळजीवाहू' म्हणतात. "या, या! आलं काळजीवाहू सरकार!" मीही हसते. न हसून सांगते कुणाला? नोकरी अजून कच्ची होती, नवऱ्याचं काम सुटलेलं, आणि त्याला कुठून बोलावणं येतंय याची आम्ही दोघं एकमेकांना न दाखवता वाट बघत होतो.

चढावरच्या घरी माप घ्यायला मीच गेले होते. दार उघडणारी माझ्याच वयाची. केस कसेतरी वर बांधलेले, खांद्यावर ओला डाग. मला स्वतःचीच आठवण झाली.

"सकाळचं ऊन हिच्या थेट डोळ्यांवर येतं हो," ती म्हणाली. "त्यामुळे ही उठते, ही उठली की मी उठते. लवकर होईल ना?"

खिडकीला चिकटून कठड्याची कॉट होती, तिच्या शेजारी आईचा पलंग. कॉटमध्ये कठडा धरून मुलगी उभी. दात येत असावेत. हाताला लागेल ते चावत होती. मी टेप लावली तर टेपचं टोक धरून तिने तोंडात घातलं.

"सगळं ओढते," आई कौतुकाने म्हणाली.

मी रुंदी मोजली, उंची मोजली, कापडाचे नमुने दाखवले. कॉट दुसऱ्या भिंतीला घ्या, एवढं म्हणायला काय लागत होतं? शब्द ओठावर आला होता. मग वाटलं, ती विचारेल का, मी सांगेन का ते, ती मालकांना फोन करेल, आणि संपलंच. मिस्त्रींशी बोलू, अजून दिवस आहेत. मी हसले आणि निघाले.

ते दिवस मी कसे घालवले ते मलाच ठाऊक. रोज ठरवायचे, रोज मिस्त्रींच्या आसपास माणसं असायची, किंवा त्यांचा मूड नसायचा, किंवा माझा धीर नसायचा. असं करता करता आदली संध्याकाळ आली.

घरी माझी नणंद आलेली होती. ती एका मोठ्या कचेरीत लोकांना कसं बोलावं ते शिकवते. नवरा म्हणतो, घरात तेवढं शिकवायचं राहिलं.

"सोपं आहे वहिनी," ती मांडी घालून बसत म्हणाली. "आधी कौतुक, मग मुद्दा, मग परत कौतुक. मुद्दा असा हळूच सरकवायचा की समोरच्याला वाटलं पाहिजे, हे त्यालाच सुचलं."

"आणि त्याला काही सुचलंच नाही तर?"

"मग कौतुक वाढवायचं."

"दादा, तू मिस्त्री हो," तिने हुकूम सोडला. नवऱ्याने खांद्यावर टॉवेल टाकला, हातात पळी ड्रिलसारखी धरली आणि पोट पुढे काढलं.

"काका, तुमचं काम म्हणजे अगदी..." मी सुरुवात केली.

"पाया पडायचं राहिलं," नवरा घोगऱ्या आवाजात म्हणाला. नणंद हसून लोळायला लागली.

"नीट कर ना! काका, तुम्ही माळ मोकळी सोडता, त्यामुळे लहान मुलांना..."

"चूक!" नणंद ओरडली. "'तुम्ही' म्हणालीस की तो ढाल पुढे करणार. आरोप नको. 'धोका' नको, 'चूक' नको, 'हूक'सुद्धा नको, त्यावरून एकदा भडकलाय ना तो? त्याच्या अनुभवाला साद घाल."

"मग उरलं काय बोलायला?" नवऱ्याने विचारलं. "हवापाणी?"

आम्ही तिघंही हसत होतो. आमचा मुलगा, त्याला आम्ही भुंगा म्हणतो, माझ्या पायाशी होता. त्याच्या गुणगुणण्याचा आवाज बंद झाला म्हणून मी खाली पाहिलं. खुर्चीला टांगलेल्या माझ्या पर्सच्या पट्ट्यात त्याने डोकं घातलं होतं. काही झालं नव्हतं. नवी गंमत सापडल्यासारखा तो माझ्याकडे बघून हसत होता. मग पाय मुडपून खाली बसायला लागला.

मी पट्टा कसा काढला मला आठवत नाही. पर्समधलं सगळं जमिनीवर पडलं होतं आणि भुंगा मी घट्ट धरलं म्हणून रडत होता.

नवऱ्याने पळी ठेवून दिली. "तू सरळ त्या बाईंना फोन कर," तो म्हणाला. "गेली नोकरी तर गेली."

"नंबर दुकानात आहे. आणि असं कसं गेली तर गेली?"

नणंद पर्समधलं सांडलेलं गोळा करत म्हणाली, "गोड बोलूनही होतं वहिनी. होतं. मी रोज बघते."

मलाही तेच हवं होतं. मुलगीही वाचावी आणि नोकरीही.

सकाळी मी दुकान उघडायच्या आधी जाऊन उभी राहिले. मागच्या बाजूला मिस्त्री व्हॅनमध्ये खोकी चढवत होते. चहाचा कप व्हॅनच्या पायरीवर. आसपास कुणी नव्हतं. देव पावला असं वाटलं.

"काळजीवाहू! आज इतक्या पहाटे सरकार कोसळलं की काय?"

"काका, परवा एक बाई आल्या होत्या दुकानात. तुमच्या कामाचं किती कौतुक करत होत्या." अशी कुणी बाई आली नव्हती.

"करणारच," ते म्हणाले, पण खोकं खाली ठेवलं.

"म्हणत होत्या, हे नुसते पडदे टांगत नाहीत, घरातल्या माणसांचा विचार करून लावतात."

"मग! कापड काय, कुणीही टांगेल." त्यांनी चहाचा घोट घेतला. चेहरा सैल झाला. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मनात आलं, या माणसाशी आजवर कुणी चार शब्द बरे बोललंच नसेल.

"म्हणूनच म्हटलं. आजच्या घरी लहान मुलगी आहे. कॉट अगदी खिडकीला लागून, शेजारी आईचा पलंग. तिथे माळेचं तुम्ही काहीतरी खास बघाल, मला खात्री आहे. तुमच्या नजरेतून थोडंच सुटणार!"

मिस्त्री थांबले. कप तोंडापाशीच राहिला. "केवढी मुलगी?"

"वर्षाची असेल. नुकती उभी राहते."

"आणि आई? एकटीच असते दिवसभर?"

"एकटीच. झोप नाही बिचारीला."

ते विचारात पडले. भुवया जवळ आल्या, मान हलली.

"बरं झालं सांगितलंस पोरी," ते म्हणाले. "खरंच बरं झालं. माझ्या डोक्यात नसतं आलं. करतो बरोबर." पहिल्यांदाच पोरी म्हणाले. मग आत जाऊन काहीतरी घेऊन आले, व्हॅनचं दार ओढलं आणि शीळ घालत निघून गेले.

मी भिंतीला टेकून उभी राहिले. नणंदेला मेसेज केला: झालं! तिने नाचणारी बाई पाठवली.

आत गेले तेव्हा शिलाईच्या बाई मशीन पुसत होत्या. "काय गं, मिस्त्रींवर काय जादू केलीस?" त्या म्हणाल्या. "तुझं गुणगान चाललं होतं. म्हणे, काळजीवाहूच्या डोक्यातली कल्पना, एक नंबर."

"कुठली कल्पना?"

"आता गं! तूच सुचवलंस ना? तीन माळा जोडून घेतल्या त्यांनी. म्हणाले, लेकुरवाळी आहे, झोप नाही तिला, पलंगावर पडल्या पडल्या ओढता आली पाहिजे. खिडकीपासून कॉटवरून थेट पलंगापर्यंत सोडतो म्हणाले. कधी नव्हे ते कुणाचं ऐकलंय त्यांनी."

मिस्त्रींच्या चहाच्या बशीत त्या ब्लाइंडचा हूक पडला होता. दोन इवले स्क्रू, त्यांच्या इवल्या पिशवीत.

मी फोन लावला. मिस्त्री गाडी चालवताना आणि ड्रिल चालवताना फोन उचलत नाहीत, आणि या दोन्हींच्या मधे चहा पितात, तेव्हाही उचलत नाहीत. परत लावला. परत. मग मालकांकडे गेले. ते एका हॉटेलवाल्या गिऱ्हाइकाला जाड कापड दाखवत होते.

"सर, एक मिनिट."

"संध्याकाळी बोलू मॅडम."

"सर, मिस्त्री त्या लहान मुलीच्या खोलीत माळ मोकळी सोडतायत. कॉटवरून. संध्याकाळपर्यंत लागलेली असेल ती."

"मग उद्या जाऊन बदलू." त्यांनी ओठ न हलवता पुढचं म्हटलं, "हसा. गिऱ्हाईक बघतंय."

"सर, त्या बाईंचा नंबर तरी..."

"मॅडम." एवढंच. आवाज चढला नाही.

मी बशीतला हूक उचलला आणि दुकानाबाहेर पडले. मागून शिलाईच्या बाई ओरडत होत्या, "अगं कुठे निघालीस? पर्स तरी घे!"

बस मिळाली. तिकिटाचे सुटे पैसे खिशात निघाले हे नशीब. बस प्रत्येक थांब्यावर थांबत होती, आणि प्रत्येक थांब्यावर चढणाऱ्या माणसांना जगातला सगळा वेळ होता. एक आजोबा पायरीवर उभं राहून ड्रायव्हरला पत्ता विचारत होते. मी मुठी आवळून बसले होते. डोक्यात वाक्यं चालूच होती. काका, तुमची कल्पना छानच आहे, पण. ताई, घाबरू नका, पण. काका, माझंच सांगायचं चुकलं. प्रत्येक वाक्य मी गुळगुळीत करत होते, आणि जितकं गुळगुळीत होईल तितकं ते हातातून निसटत होतं. माझ्याच तोंडून निघालं होतं ते: काहीतरी खास बघाल. मी काही बोललेच नसते तर माळ निदान नेहमीएवढीच लांब असती.

चढ मी धावत चढले. दार उघडंच होतं, कारण मिस्त्री शिडी बाहेर काढून ठेवत होते. म्हणजे काम झालं होतं.

"अरे! काळजीवाहू!" त्यांना खरंच आनंद झाला. "ये, बघायला आलीस? ये, ये."

आई पलंगावर आडवी होती, प्रात्यक्षिक घेत. हाताशी आलेली माळ तिने ओढली आणि खिडकीवरचा ब्लाइंड झुळकन खाली आला. "मस्तच हो!" ती म्हणाली. "उठायलाच नको."

"ब्रॅकेट पण बघा," मिस्त्री सांगत होते. "नुसते स्क्रू नाहीत, आत पोलादी खुंट्या मारल्यात. माणूस लटकला तरी निघणार नाही."

माळ खिडकीच्या कोपऱ्यातून निघून कॉटच्या कठड्यावरून झोका घेत पलंगावर आली होती. कॉटमध्ये मुलगी उभी होती. तिच्या दोन्ही हातांत माळ होती आणि मणी तोंडात.

"तिला घ्या," मी म्हणाले.

"काय?"

"तिला आधी घ्या. बाहेर काढा."

आई उठून बसली. मिस्त्रींचं हसू तसंच राहिलं होतं, पण डोळ्यांतून गेलं होतं. "काय झालं?" ते दबक्या आवाजात म्हणाले. "मालकांनी काय सांगितलंय तुला?"

मी मुलीला उचलून आईच्या हातात दिलं. कॉटमध्ये कापडी ससा होता. मी त्याचं डोकं माळेत घातलं आणि हात सोडला. ससा कठड्याबाहेर घसरला आणि लटकला. कान वर, पाय खाली, हळूहळू गोल फिरत.

मग मिस्त्री हसले. "खेळणं आहे ते. खेळण्याला काय समजतं? मूल ओरडेल, हातपाय झाडेल. तेवढ्या झटक्याने माळ निघून येते."

"येते?"

"येणारच."

मी सशाला काढलं, माळ दोन्ही हातांत धरली आणि गुडघे मुडपून सगळा भार सोडून दिला. परक्या घरात, परक्या बाईच्या पडद्याला मी लटकले होते. मणी आणि मुठीतला हूक तळव्यात रुतले. वर काही हललं नाही. मी झटके दिले, एकदा, दोनदा, लहान मूल देईल तसे आणि नंतर मोठं माणूस देईल तसे. खिडकीची काच थरथरली. ब्रॅकेट तसूभर सरकला नाही.

"निघाली का, काका?" मी खालूनच विचारलं. माझा आवाज चिरकत होता. "तुमचंच काम आहे. निघेल कसं?"

मिस्त्री पुढे आले. त्यांनी मला उठवलं नाही. वर हात नेऊन ब्रॅकेट चाचपला, एका बोटाने, ताप बघावा तसा. मग तिथेच पलंगाच्या कडेवर बसले. गिऱ्हाइकाच्या घरात त्यांना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"काढा," आई म्हणाली. ती दारापर्यंत मागे सरकली होती. "काढा ते सगळं. आत्ताच्या आत्ता."

त्यांनी पक्कड काढून माळ तोडली. लांबच लांब माळ जमिनीवर पडली, ती त्यांनी मनगटाभोवती गुंडाळली. मग खिसे चाचपले. मी मूठ उघडली. हूक तळव्यात इतका घट्ट रुतला होता की तो निघाल्यावरही त्याचा आकार उरला. मिस्त्रींनी तो घेतला. आखूड माळ कापली, जोडली, खिडकीशी उभे राहिले.

"ताई," आई मला म्हणाली. तिचा आवाज शांत झाला होता, आणि ते फार वाईट होतं. "माप घ्यायला तुम्हीच आला होतात ना? कॉट तेव्हाही इथेच होती."

"हो."

"तुम्ही पाहिली होतीत."

"हो."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

मालक, कच्ची नोकरी, एकटं गाठायचं, दुखवायचं नाही, आधी कौतुक मग मुद्दा. यातलं एकही तिच्यासमोर उच्चारण्याजोगं नव्हतं. ती उत्तराची वाट बघत होती. आमच्याकडे पाठ करून मिस्त्रींनी ड्रिल सुरू केलं. दोन बारकी भोकं. त्यासाठी इतका वेळ लागत नाही.

"बाकीच्या खोल्यांचं राहू द्या," ती शेवटी म्हणाली आणि मुलीला घेऊन बाहेर गेली. बाहेरून तिचा फोनवरचा आवाज येत होता. "तुमची बाई आमच्या पडद्याला लटकली होती. हो, लटकली. नाही, मी शुद्धीत आहे, तुमच्याकडे कोण शुद्धीत आहे ते सांगा."

खाली व्हॅनपाशी पोचेपर्यंत माझा फोन वाजला. मालक. त्यांनी आवाज चढवला नाही. "तुमची पर्स शिलाईच्या बाईंकडे आहे," ते म्हणाले. "येऊन घेऊन जा. उद्यापासून तसदी नको." मी काही बोलायच्या आत फोन बंद झाला. परत लावला, उचलला नाही.

मिस्त्री स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. मला वाटलं, आता बोलतील. बोलू देत. घरी जाऊन नवऱ्याला काय सांगायचं, तेवढंच डोक्यात घुमत होतं.

"सरळ का नाही म्हणालीस सकाळी?" ते समोर बघत म्हणाले.

"म्हणाले होते एकदा, काका. तुम्ही ड्रिल ठेवून निघून गेलात."

त्यांनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. मनगटावरची माळ ते सोडवत होते आणि ती सुटत नव्हती. एकाएकी त्यांचा हात थांबला.

"जुळी," ते म्हणाले.

"काय?"

"पुलापलीकडे. गेल्या आठवड्यात. जुळी आहेत त्या घरात. खिडकीच्या दोन्ही बाजूंना दोन कॉट. बाई म्हणाली, कुठूनही ओढता आलं पाहिजे..." त्यांनी किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली नाही. परत फिरवली. "दोन माळा सोडल्या मी. बस! बस आत!"

"फोन करा ना त्यांना!"

"नंबर मालकांकडे. लाव त्यांना!"

मी लावला. माझ्या फोनवरून उचलत नव्हते. मिस्त्रींच्या फोनवरून लावला, तर दुसऱ्या कॉलवर होते. पुलावर गाड्यांची रांग होती. मिस्त्री हॉर्नवर हात दाबून बसले, पुढच्या गाडीवाल्याने खिडकीतून मान काढून शिवी हासडली, मिस्त्रींनी दुप्पट दिली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लेकरं दिवसा झोपतात ना गं? या वेळी झोपतात ना?"

"झोपतात," मी म्हणाले. भुंगा या वेळी झोपत नाही. तो या वेळी सगळं ओढतो.

"उठल्यावर रडतात ना पण? लगेच?"

"काका, गाडी बघा."

जुळ्यांच्या इमारतीची लिफ्ट वर अडकली होती. मिस्त्री मला दाराचा नंबर सांगत जिन्याने निघाले. त्यांचं वय, त्यांचे गुडघे. दुसऱ्या वळणावर मी त्यांना मागे टाकलं. दाराची बेल दाबली. आत काहीच हललं नाही. परत दाबली. कान दाराला लावला. घड्याळाची टिकटिक असावी, किंवा माझंच रक्त. मिस्त्री येऊन पोचले, त्यांनी बेलवर बोट ठेवलं ते उचललंच नाही, आणि दुसऱ्या हाताने दार बडवायला लागले.

दार उघडलं. दारात झोपाळलेल्या डोळ्यांची बाई, गाऊन उलटा घातलेला, बोट ओठांवर. "श्श! वेड लागलंय का? आत्ता कुठे डोळा लागला होता. तुम्ही पडदेवाले ना? आम्ही कुणाला बोलावलं नव्हतं."

"माहीत आहे," मी म्हणाले. "न बोलावताच आलोय. मुलं कुठे आहेत?"

"आत. का?"

मिस्त्री तिला बाजूला सारून आत गेले होते. बाई किंचाळली आणि त्यांच्यामागे धावली. माझे पाय उंबऱ्यापाशीच राहिले. आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला, पक्कड असेल. मग एक मूल रडायला लागलं, झोपमोड झालेलं, चिडलेलं, ठणठणीत.

एकच.

मी चौकट धरून उभी होते. ते रडणं चढत गेलं, श्वास घ्यायला थांबलं, परत सुरू झालं. आत कुणी बोलत नव्हतं. मला आत जायचं होतं आणि जायचं नव्हतं. दुसरं का रडत नाही, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं, आणि कुणाला ते विचारायला माझ्या तोंडात एक शब्द नव्हता.

मग ते रडलं. आधी कुरकुरलं, जागं व्हावं की नको असं, आणि मग पहिल्याच्या वरचा सूर लावून.

"झालं समाधान?" आतून बाईचा आवाज आला. "आता तुम्हीच झोपवा दोघांना! आणि ते काय तोडताय? अहो, मी काय विचारतेय, काय तोडताय ते?"